आधी भरून बघा, मग बंदूक घ्या: प्रॅक्टिकल शूटिंगसाठी शॉटगन कशी निवडावी

गेल्या महिन्यात ह्यूस्टनहून एका मुलाचा फोन आला. मूळचा साताऱ्याचा, नुकतंच ग्रीन कार्ड हातात पडलेलं, प्रॅक्टिकल शूटिंगच्या दोन मॅच नुसत्या बघून आलेला. म्हणाला, "दादा, शॉटगन कुठल्या कंपनीची, बेनेली घेऊ की बरेटा? पैसे साठवलेत. एकदाच काय ते चांगलं घेतो." मी त्याला विचारलं, "मॅच बघताना काडतुसं भरणाऱ्यांच्या हातांकडे लक्ष दिलंस का?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "नाही हो, मी तर लक्ष्याच्या प्लेटा कशा पडतात तेच बघत होतो."

सगळे तेच बघतात. मीही पहिलं वर्षभर तेच बघत होतो. शॉटगन, म्हणजे छर्रे उडवणारी बंदूक, घेताना नवखा माणूस जी चूक करतो ती इथूनच सुरू होते, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडे बारा बोअरची बंदूक म्हटलं की डोळ्यांपुढे दुनळी उभी राहते. कोकणात शेतीराखणीच्या परवान्यावर घेतलेली, दसऱ्याला झेंडूचं फूल वाहून पुजलेली, निवडणूक लागली की पोलिस ठाण्यात जमा होणारी. माझ्या आजोबांची तशीच होती. दोन बार झाले की मधून मोडायची, रिकामी टोपणं ओढून काढायची आणि दोन नवी काडतुसं सरकवायची. रानडुकराला दोन बार पुष्कळ झाले. ऑलिंपिकमधल्या ट्रॅप आणि स्कीट स्पर्धांनाही दोनच लागतात, म्हणून तिथेही दुनळीच चालते, फक्त नळ्या शेजारी शेजारी न बसवता एकावर एक बसवलेल्या.

प्रॅक्टिकल शूटिंगचा मामला निराळा आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया गावी, इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन म्हणजे आयपीएससी स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकपणा, ताकद आणि वेग या तीन लॅटिन शब्दांचं तिचं ब्रीद आहे आणि तिन्हींचा मेळ बसला तरच गुण मिळतात. सुरुवात पिस्तुलाने झाली, पुढे रायफल आणि शॉटगन आली. शॉटगनची पहिली जागतिक स्पर्धा २०१२ मध्ये हंगेरीतल्या डेब्रेत्सेनला झाली, मग २०१५ मध्ये इटलीत, २०१८ मध्ये फ्रान्समध्ये आणि २०२३ मध्ये थायलंडच्या पट्टायाला. अमेरिकेत याच्या जोडीला थ्री-गन हा प्रकार जोरात आहे. एकाच मॅचमध्ये पिस्तूल, रायफल आणि शॉटगन, तिन्ही. मी टेक्सासमध्ये तेच खेळतो.

या खेळात माणूस एका जागी उभा राहून नेम धरत नाही. कानाजवळ टायमरचा बीप वाजतो आणि तो पळत सुटतो. लाकडी भिंती असतात, त्यांना खिडक्या असतात, एखादं दार लोटून आत जायचं असतं. पोलादी प्लेटा पाडायच्या, पॉपर नावाचे उभे पोलादी ठोकळे पाडायचे, मधूनच एखादा पॉपर पडला की हवेत मातीची तबकडी उडते, तीही फोडायची. शेजारीच ज्यावर गोळी लागता कामा नये असं लक्ष्य लावलेलं असतं, त्याला छर्रे लागले की गुण कापले जातात. आयपीएससीत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, त्यामुळे घड्याळ कधीच नजरेआड होत नाही.

आता साधा हिशेब करू. आयपीएससीच्या शॉटगन नियमांत छोट्या स्टेजला, म्हणजे मॅचमधल्या छोट्या फेरीला, जास्तीत जास्त ८ बार, मध्यमला १६ आणि लांब स्टेजला २८. बंदुकीच्या प्रकारानुसार स्पर्धकांचे विभाग असतात, त्यांतल्या स्टँडर्ड विभागात बीप वाजतो तेव्हा बंदुकीत ९ काडतुसं असू शकतात. म्हणजे २८ बारांच्या स्टेजला उरलेली १९ काडतुसं घड्याळ चालू असताना, पळता पळता, हाताने भरायची. पिस्तुलाचं मॅगझिन खटकन बदलता येतं. इथे नळीखालच्या नळकांड्यात, म्हणजे ट्यूबमध्ये, एकामागून एक काडतूस ढकलावं लागतं.

मी सरावात टायमर लावून स्वतःचं मोजलं आहे. एकेक काडतूस भरत होतो तेव्हा दर काडतुसाला दीड सेकंद जायचा. १९ काडतुसांचे साडेअठ्ठावीस सेकंद. एका मुठीत चार धरून भरायला शिकलो तेव्हा एका मुठीला तीन सेकंद लागू लागले. पाच मुठी, पंधरा सेकंद. मुरलेले लोक याच्याही निम्म्यात उरकतात. उलट महागडी बंदूक घेऊन दर बारामागे सेकंदाचा दहावा भाग वाचवला, आणि तो एवढा वाचणं अवघडच आहे, तरी २८ बारांत पावणेतीन सेकंद. कुठे पावणेतीन आणि कुठे साडेतेरा! म्हणून मी ज्याला त्याला एकच सांगतो: ही शॉटगन झाडण्यासाठी निवडायची नाही, भरण्यासाठी निवडायची. ती नीट भरता आली की नेम वर्षभरात आपोआप मार्गी लागतो.

भरणं म्हणजे नेमकं काय, ते जवळून बघू. कमरेच्या पट्ट्याला खोबणी लावलेली असतात, त्यांना कॅडी म्हणतात. एका कॅडीत चार काडतुसं, दोन-दोनच्या दोन जोड्या. डावा हात खाली जातो, अंगठा काडतुसांच्या पितळी बुडांवर टेकतो, बोटं पलीकडून आवळतात आणि चारही एकदम सुटून तळव्यात येतात. तोवर उजव्या हाताने बंदूक उताणी केलेली असते. दस्ता खांद्यावर किंवा काखेत, आणि भरायचं तोंड आकाशाकडे. तळव्यातली पहिली जोडी, एकामागे एक अशी दोन काडतुसं, त्या तोंडावर आडवी टेकवायची आणि मागच्याच्या बुडावर अंगठा ठेवून रेटायचं. टक, टक. मूठ जराशी वळवून दुसरी जोडी. टक, टक. तो दुसरा टक महत्त्वाचा. अंगठा बंदुकीच्या पोटात पार आतपर्यंत गेला तरच काडतूस आतल्या खिट्टीच्या पुढे सरकतं आणि अडकून राहतं. अर्ध्यावर अंगठा उचलला तर स्प्रिंग तेच काडतूस उलट बाहेर फेकते, ते मातीत पडतं, आणि वाकून उचलायला कोणालाच वेळ नसतो.

शिकारीसाठी बनलेल्या बहुतेक बंदुकांचं हे तोंड अरुंद असतं. शिकाऱ्याला बदकांच्या मागे दोन-तीन काडतुसं सावकाश घालायची असतात, त्याचं काही अडत नाही. आपला अंगठा मात्र दिवसाला दोनशे वेळा त्या धारदार कडेवरून आत जातो. पहिल्या महिन्यात माझ्या नखाच्या मुळाशी जखम झाली ती भरून येण्याआधीच पुन्हा उघडायची, चिकटपट्टी गुंडाळून मॅच खेळायचो. तोंडाशी एक पत्र्याची जीभ असते, लिफ्टर. ट्यूबमधून मागे आलेलं काडतूस उचलून नळीसमोर धरणं हे तिचं काम. काही बंदुकांत तिचं टोक दुभंगलेलं असतं आणि त्या फटीत अंगठ्याची कातडी चिमटली जाते. काही जुन्या रचनांत एक कळ दाबल्याशिवाय ती जीभ हलतच नाही, म्हणजे एका हाताला दोन कामं.

म्हणून स्पर्धेची बंदूक बघताना आधी ती उलटी करा. तोंड किती लांब-रुंद आहे, कडा गोलसर घासलेल्या आहेत का, लिफ्टर बोटाने दाबला तर अलगद आत जातो की झगडतो, हे बघा. स्पर्धक ही कामं गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, करून घेतात: तोंड कोरून मोठं करणं, लिफ्टरची फट वेल्डिंगने भरणं, त्याची स्प्रिंग हलकी करणं, ट्यूबमध्ये गुळगुळीत फॉलोअर, म्हणजे स्प्रिंग आणि काडतुसं यांच्यामधली सरकती टोपी, बसवणं. अलीकडे काही कंपन्या कारखान्यातूनच अशी बंदूक देतात. मॉसबर्गच्या ९३० आणि ९४० या मालिकांतल्या 'जेएम प्रो' बंदुका त्यातल्याच. जेएम म्हणजे जेरी मिक्युलेक, ज्यांचा हात बघून निम्मी अमेरिका या खेळाकडे वळली. बरेटाची १३०१ कॉम्पिटिशनही स्पर्धा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहे.

ट्यूबच्या लांबीबद्दल नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो. काडतुसाच्या डबीवर ७० मिलिमीटर लिहिलेलं असतं, म्हणजे पावणेतीन इंच. ही बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या काडतुसाची लांबी. न उडवलेलं, तोंड दुमडलेलं काडतूस सहा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. ९ काडतुसं म्हणजे ५४ सेंटिमीटर, वर दबलेली स्प्रिंग आणि ट्यूबचं झाकण. म्हणून २४ इंची, म्हणजे ६१ सेंटिमीटरच्या नळीखाली ९-१० काडतुसांची ट्यूब बेताबेताने बसते आणि नळीच्या तोंडाशी येऊन थांबते. बाराची ट्यूब लावाल तर ती नळीच्या पुढे भाल्यासारखी येईल, वजन पुढे जाईल आणि खिडकीतून बंदूक वळवताना चौकटीला आपटेल. २१ ते २४ इंच नळी हा सोयीचा पल्ला आहे. त्याहून लांब नळी तबकड्यांना छान, पण भिंतींच्या गर्दीत नडते.

आता यंत्राकडे येऊ. पंप-अ‍ॅक्शन बंदुकीत पुढची मूठ मागे-पुढे ओढून रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासूनची त्यातली सर्वांत ओळखीची. पंपला कुठलंही काडतूस चालतं आणि ती स्वस्त असते. पण घाईत मूठ पूर्ण मागे न ओढता पुढे ढकलली की काडतूस अडकतं, आणि घाई तर या खेळात कायमचीच. आयपीएससीत तिच्यासाठी स्टँडर्ड मॅन्युअल असा स्वतंत्र विभाग आहे, थ्री-गनच्या हेवी मेटल विभागातही पंपच लागते. मला पंप मनापासून आवडते. शिकायला तर ती उत्तम, कारण भरण्याची कला तिच्यावरही तीच आहे.

बाकी बहुतेक सगळे सेमी-ऑटो वापरतात. चाप ओढला की बंदूक स्वतःच रिकामं टोपण फेकते आणि पुढचं काडतूस घेते. हे करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतला फरक समजला की निम्मी निवड झाली.

पहिली रीत गॅसची. नळीला बारीक भोकं असतात. बार झाला की थोडा वायू त्यांतून निसटतो आणि पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, उघडतो. काही शक्ती यात खर्च होते आणि धक्का लांबवर पसरतो, त्यामुळे खांद्याला दणका सौम्य बसतो. दिवसभरात शंभर बार काढल्यावर संध्याकाळी हा फरक चांगलाच कळतो. पण वायूबरोबर काजळीही येते. भोकं आणि पिस्टन पुसावे लागतात. नव्या बंदुका याबाबतीत खूप सुधारल्या आहेत, ९४० साठी मॉसबर्ग १५०० बारांपर्यंत साफसफाई न करता चालण्याचा दावा करते. तरी मी मॅचच्या आदल्या रात्री पुसतोच.

दुसरी रीत इनर्शियाची, बेनेलीने नावारूपाला आणलेली. यात वायूचा संबंध नाही. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभा माणूस पुढे झुकतो ना, तेच तत्त्व. बार झाला की सबंध बंदूक मागे झटकली जाते. आतला जड बोल्ट मात्र जिथल्या तिथे राहू पाहतो. त्याच्या पोटातली आखूड, कडक स्प्रिंग या खेचाखेचीत दबते आणि क्षणभराने उसळून बोल्ट मागे फेकते. काजळी नळीतूनच बाहेर जाते, आत सगळं स्वच्छ, भाग कमी, बंदूक हलकी. मग खोट कुठे आहे? सगळा खेळ बंदूक मागे झटकली जाण्यावर आहे. तिच्यावर जड जड वस्तू लटकवल्या किंवा फारच हलकी काडतुसं घातली, तर झटका कमी पडतो आणि टोपण बाहेर पडत नाही. शिवाय बोल्ट हळूच सोडला तर त्याचं डोकं पूर्ण वळून कुलूपबंद होत नाही. मग चाप ओढल्यावर नुसता टक असा आवाज येतो आणि बार उडत नाही. म्हणून इनर्शिया बंदुकीचा बोल्ट नेहमी सोडून द्यायचा, हाताने कुरवाळत पुढे न्यायचा नाही.

स्पर्धांत बेनेली एम२ इतकी का दिसते याचं उत्तर यात आहे. हलकी, स्वच्छ, आणि तिच्यावर काम करणारे गनस्मिथ जागोजागी. तिच्याच तत्त्वावरची स्टोगरची एम३००० ही तुर्कस्तानात बनते, निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि स्टोगर ही बेनेलीच्याच छत्राखालची कंपनी. एम३००० घेऊन उरलेले पैसे गनस्मिथला आणि काडतुसांना दिलेत तर मी तो शहाणपणाचा सौदा म्हणेन. सडपातळ किंवा नाजूक खांद्याच्या माणसाला मात्र मी गॅसचीच सुचवतो. दणक्याच्या भीतीने डोळे मिटायची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

पेटीसारखं सुटं मॅगझिन लावणाऱ्या शॉटगनही असतात, रशियन सायगा आणि वेपर त्यातल्या प्रसिद्ध. निर्बंधांमुळे अमेरिकेत त्या नव्याने येत नाहीत, तुर्की बनावटीच्या मिळतात. त्या ओपन विभागात खेळतात, जिथे लाल ठिपक्याची दुर्बीणही चालते. भरण्याची कटकट जाते, पण दुसऱ्या येतात. काडतुसाच्या बुडाला कड असते, ती खालच्या काडतुसाच्या कडेत अडकू शकते. प्लास्टिकचं काडतूस भरल्या पेटीत फार वेळ दाबून ठेवलं तर चपटं होतं. आणि पेट्या, दुर्बीण, त्यांचे सुटे भाग मिळून खर्च वाढत जातो. पहिली बंदूक म्हणून मी ही कुणाला सुचवत नाही.

बंदूक अंगाला बसणं, याबद्दल दुकानात फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. साध्या शॉटगनला नळीच्या टोकावर फक्त एक माशी असते. मागची खाच नसते. मागची खाच म्हणजे तुमचा स्वतःचा डोळा. गाल दस्त्यावर दरवेळी एकाच जागी टेकला तर डोळाही एकाच जागी येतो आणि नेम जुळतो. दस्ता लांब असेल तर तो काखेत अडकतो, बुटका असेल तर अंगठ्याची गाठ नाकावर आदळते. इथल्या बंदुका धिप्पाड माणसाच्या मापाने बनवलेल्या असतात, आपल्यातल्या अनेकांना, विशेषतः बायकांना, त्या अर्धा-एक इंच लांब पडतात. करून बघायचं ते असं. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, दुकानदाराला विचारा, भिंतीवरचा एक ठिपका निवडा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा. मग डोळे उघडा. माशी ठिपक्यावर आणि नळीवरची पट्टी नुसत्या रेषेसारखी दिसली तर ती बंदूक तुमची. पट्टीचा लांबच लांब रस्ता दिसला किंवा नुसता मागचा ठोकळाच दिसला, तर दस्त्यात पातळ पट्ट्या घालून उंची जुळते का ते विचारा. एम२ बरोबर अशा पट्ट्या येतात. डावखुऱ्यांनी सेफ्टीचं बटण कुठे आहे ते आवर्जून बघावं.

नळीच्या तोंडाशी जी आवळ असते तिला चोक म्हणतात. पाण्याच्या नळीचं तोंड बोटाने दाबावं तसं काहीसं. आवळ जितकी जास्त तितके छर्रे दूरवर एकत्र राहतात. सुमारे ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात सिलिंडर चोकने साधारण ४० टक्के छर्रे पडतात, इंप्रूव्ह्ड सिलिंडरने ५०, मॉडिफाइडने ६० आणि फुलने ७०. आपली लक्ष्यं बहुधा ८ ते २० मीटरवर असतात, त्यामुळे इंप्रूव्ह्ड सिलिंडर बहुतेक दिवस पुरतो. लक्ष्याला चिकटून नकोसं लक्ष्य लावलं असेल तर आवळ वाढवायची. हे पुस्तकातून कळत नाही. मोठा पुठ्ठा घ्या, १०, १५ आणि २० मीटरवर एकेक बार काढा आणि भोकांभोवती पेन्सिलने गोल काढा. माझ्या बंदुकीचा पसारा डावीकडे सरकतो हे मला पुठ्ठ्यानेच सांगितलं, तोवर मी वर्षभर स्वतःच्या चापाच्या बोटाला दोष देत होतो.

स्लग, म्हणजे एकगोळी काडतूस, याचा नियम पक्का ध्यानात ठेवा. कडक आवळ असलेल्या चोकमधून ती मारायची नाही. जवळच्या पोलादावर तर कधीच नाही, शिसं उलटून येतं. आणि ट्यूबमध्ये शेवटी घातलेलं काडतूस सगळ्यांत आधी येतं, साखरेच्या गोणीवर ठेवलेली गोणी आधी उचलावी लागते तसं. पुढचं लक्ष्य स्लगचं असेल तर काय कधी भरायचं हे बीपच्या आधीच ठरवलेलं हवं.

छऱ्र्यांची काडतुसं निवडतानाही हिशेब आहे. आयपीएससीत गेज, म्हणजे बोअर, किमान २० लागतं, प्रत्यक्षात सगळे १२ वापरतात (आकडा लहान तितकी नळी रुंद). आणि काडतुसाला पॉवर फॅक्टर, म्हणजे ताकदीचा आकडा, असतो: छऱ्र्यांचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रतिसेकंदात, भागिले १०००. तो ४८० च्या खाली जाता कामा नये. एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन. २८ ग्रॅमच्या काडतुसात ४३२ ग्रेन, वेग १२०० असेल तर ५१८. पास. त्याच वेगाचं २४ ग्रॅमचं घेतलं तर ३७० ग्रेन, म्हणजे ४४४. नापास. शिवाय इतक्या हलक्या काडतुसावर इनर्शिया बंदूक कुरकुरेल ती वेगळीच. (आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची शक्तिमान काडतुसं बनतात. आजोबांच्या लाकडी पेटीतली लाल टोपणं तीच होती.)

काडतुसाचं बूड पितळी आहे की पत्र्याचं, हेही बघा. ऑगस्टच्या उन्हात, एका मॅचच्या तिसऱ्या स्टेजला, माझं रिकामं टोपण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, असं रुतून बसलं की बोल्ट उघडेना. दस्ता जमिनीवर आपटून उघडावा लागला, वीस सेकंद गेले. स्वस्तातली, लोखंडी बुडाची काडतुसं होती. पितळ बार झाल्यावर फुगतं आणि परत आकसतं. लोखंड तितकं आकसत नाही, तापलेल्या चेंबरला धरून ठेवतं. घेतलेली बंदूक आणि मॅचला वापरणार ती काडतुसं, ही जोडी किमान दोनशे बार एकत्र चालल्याशिवाय मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. इथे एम३००० सारखी बंदूक साधारण सहाशे डॉलरच्या आसपास, ९४० जेएम प्रो हजारच्या आसपास, बरेटा आणि बेनेली त्याच्या वर. गनस्मिथचं काम, पट्टा आणि कॅडी यांचे काही शे डॉलर वेगळे काढून ठेवा. हे न ठेवता सगळे पैसे बंदुकीत घालणारा माणूस पहिल्याच मॅचला खिशातून एकेक काडतूस काढत बसतो.

कायद्याचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. अमेरिकेत एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही संघीय कायद्याने मना आहे. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असलं तर सूट मिळते, पण अट नीट वाचून, वकिलाला विचारूनच पाऊल टाका. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जाऊ शकतं, आणि एवढ्याशा हौसेपायी व्हिसा पणाला लागतो. ग्रीन कार्डधारकाला पार्श्वभूमी तपासणीनंतर घेता येते. नळी १८ इंचांहून आखूड चालत नाही. आयात केलेल्या सेमी-ऑटो शॉटगनची ट्यूब पाचाहून जास्त काडतुसांची करायची तर तिच्यातले ठरावीक भाग अमेरिकी बनावटीचे लागतात, हा नियम गनस्मिथला माहीत असतो, त्याला स्पष्ट विचारा.

भारतात राहून हे वाचणाऱ्यांसाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत सेमी-ऑटो लांब बंदूक कडक वर्गात मोडते, सामान्य परवान्यावर ती मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. बारा बोअरची हौस असेल तर राष्ट्रीय रायफल संघटनेच्या छत्राखालचे ट्रॅप आणि स्कीट हे खरे खुले रस्ते आहेत, आणि राज्यवर्धन सिंग राठोड यांच्या २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या डबल ट्रॅप रौप्यपदकानंतर त्या रस्त्याने बरेच जण गेले आहेत.

राहिली सुरक्षितता. नळीचं तोंड डाव्या-उजव्या नव्वद अंशांच्या पलीकडे, म्हणजे आपल्या पाठीमागे वळलं की तिथल्या तिथे बाद. बाकी कुठल्याही बंदुकीपेक्षा शॉटगनमध्ये हे जास्त घडतं आणि नेमकं भरताना घडतं: बंदूक उताणी, नजर कॅडीकडे, पाय डावीकडे धावतायत, आणि नळी नकळत पायांच्या मागे वळते. बंदूक जड आणि लांब असली तर एका हाताने ती नळी समोर धरून ठेवणं आणखी अवघड. दुकानात म्हणूनच बंदूक एका हातात उताणी धरून मनात दहापर्यंत मोजून बघा. सहाला मनगट थरथरलं तर ती खाली ठेवा आणि हलकी मागा.

साताऱ्याच्या त्या मुलाला मी शेवटी इतकंच सांगितलं की चार डमी, म्हणजे दारू नसलेली सरावाची काडतुसं विकत घे, ती खिशात घालून दुकानात जा, आणि दुकानदाराची परवानगी घेऊन प्रत्येक बंदुकीत दहा-दहा वेळा भरून बघ. चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. बेनेली, बरेटा दोन्ही बघितल्या, शेवटी तोंड मोठं असलेली गॅसची घेतली, नाव सांगायच्या आधी त्याने अंगठ्याचा फोटो पाठवला होता. ओरखडा नव्हता. आता तो रोज रात्री पलंगावर चादर पसरून, टायमर लावून डमी भरतो. चादर यासाठी, की सुटलेलं काडतूस फरशीवर आपटून खालच्या मजल्यावरचे जागे होऊ नयेत. परवाचा त्याचा आकडा एका मुठीला चार सेकंद होता.